माझ्या नवऱ्याच्या दंडाला टाळ्या

"हिच्या नवऱ्याने परवाच सरकारच्या तिजोरीत भर घातली. वाजवा टाळ्या!"

साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी वाजवल्या. माझ्या हातात तळलेल्या सुरमईचं ताट होतं.

साहेब माजी नगरसेवक. वाशीला त्यांच्याकडे मी स्वयंपाक करायची. रविवारची दुपार. मित्र जेवायला आलेले, सगळ्यांच्या हातात ग्लास. विषय निघाला होता, दारू पिऊन गाडी चालवली की कोर्टात दंड होतो त्याचा.

"रस्ते पालिकेचे, दारुडे आपल्या हद्दीतले, आणि दंड सगळा राज्य सरकारला?" साहेब म्हणत होते. "पालिकेला वाटा पाहिजे."

मग त्यांना मी दिसले.

खोटं नव्हतं ते. माझा नवरा टेम्पो चालवतो. तुर्भ्याला पिऊन सापडला. कोर्टात मान खाली घालून गुन्हा कबूल केला. मी शेजारी उभी. सुट्टी मागताना साहेबांच्या बायकोला, मॅडमना, हे विश्वासाने सांगितलं होतं.

"तुमच्या लोकांचं असंच," एक पाहुणा म्हणाला. "पगार झाला की गुत्ता."

आणि मी हसले. दात दाखवून. नवऱ्याची वाटली नसेल एवढी त्या हसण्याची लाज वाटते. माझी आई पंचशील म्हणताना दारूच्या ओळीला आवाज चढवायची. तिची मी लेक.

जेवणं झाली. "ए, चाव्या दे सगळ्यांना," साहेबांनी हाक मारली.

गाड्यांच्या चाव्या शोकेसवर वाडग्यात होत्या. मी वाडगा उचलला. त्याच पाहुण्याने हात पुढे केला. दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. खालून सोसायटीतल्या पोरांचा आवाज येत होता. पार्किंगमध्येच खेळतात ती.

"देणार नाही."

"काय?"

"माझा नवरा प्याला तर दारुडा. तुमी प्यालात तर पाहुणे? रिक्षा बोलवा, साहेब."

आता कोणी हसलं नाही. मॅडमनी वाडगा ओढला. मी सोडला नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"नाही येत. पण हात लावलात तर खिडकीतून बोंब मारीन."

शेवटी साहेबांनी वॉचमनला रिक्षा आणायला सांगितलं. रिक्षा येईपर्यंत वाडगा पोटाशी धरून दारात उभी राहिले.

घरी, कोपरखैरण्याला, नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मोठ्या माणसांशी कशाला पंगा घेतलास?" तो म्हणाला. तोंडाला वास होता.

"परत पिऊन टेम्पोवर बसलास," मी म्हणाले, "तर पोलिसांना फोन मीच करीन. कोर्टातही येईन. साक्ष द्यायला."