पाळीखालची वाडी

सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, गावाची मोकळी जागा होती. पाणी हाताशी, माती काळीभोर, तरी तिथं कोणी गुरंसुद्धा नेत नसे. हैज्याच्या, म्हणजे पटकीच्या साथीत गावची लेकरं तिथंच घाईघाईनं पुरली होती. कोण कुठं, याची खूण कोणी ठेवली नव्हती.

मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या देवकाबाईचा पोरगा लटारू त्यातलाच. ती स्वतः त्याच दुखण्यात बेशुद्ध होती, म्हणून नवऱ्यानं, इस्तारीनं, पोराला एकट्यानं नेलं. शुद्धीवर आल्यापासून ती एकच विचारी, "कुठी ठेवलं त्याले?" इस्तारी म्हणे, "आठवत नाई." वर्षानुवर्षं हेच चाललं.

चौपन्न साली विकास योजनेचा साहेब आला. पडीक जागेत गावानं मिळून भाजी लावा म्हणाला. तशी जागा गावात एकच होती, पण तिचं नाव कोणी घेईना. देवकाबाई म्हणाली, "पाळीखाली लावू."

तिच्यामागे गेल्या त्या रंभा, कुंता, वच्छला. ज्यांचं लेकरू तिथं होतं त्याच. मला तर वाटलं, या बायांना वेड लागलं. त्यांनी कुदळीला हात लावला नाही. खुरपीनं बोटभर माती हलवायची, तीही जपून. मुळा नाही, रताळं नाही, उपटावं लागेल असं काहीच लावायचं नाही. मेथी खुडायची, वालाच्या शेंगा तोडायच्या. जवळ कोणी निजलेलं असावं तशा त्या हळू बोलत. आमच्या गावातले गुणवंतराव भरदिवसा पाळीवरून जाताना रामनाम घेत, पण शेंगा वाटायच्या वेळी सगळ्यांत पुढं. असल्या माणसांचा मला भारी राग येई.

दुसऱ्या वर्षी कोणी बी न टाकता कोहळ्याचा वेल उगवला. एकच फळ धरलं, पण चांगलं मोठं. बायांनी ते देवकाबाईला दिलं. आमच्याकडं आख्खा कोहळा बाई कापत नाही. त्याला पोटच्या पोरासारखं मानतात. पहिली सुरी पुरुषानं लावायची. तिनं तो इस्तारीपुढं ठेवला. जाळं मागायला गेलेला मी ओसरीवरच होतो.

"कुठचा व?" त्यानं विचारलं.

"पाळीखालचा. पळसाजवळ आपोआप आला."

इस्तारीनं सुरी खाली ठेवली.

"तिथीच ठेवलं त्याले," तो म्हणाला.

देवकाबाईनं भिंत धरली. "मंग इतकी वर्सं काऊन नाई सांगतलं?"

"त्याचं आंग गरम होतं व. सारे म्हनत होते, गेला, लवकर आटप. मी माती लोटली. तुले जागा सांगतली असती तं तू उकरलं असतं."

तिनं कोहळा उचलून पदराखाली घेतला. "उकरलंच असतं," ती म्हणाली.

मी जाळं न घेताच उठलो.

त्यानंतर देवकाबाई भाजीच्या त्या वाडीत कधी गेली नाही. तिला तिथं पाय टाकवेना. इस्तारी मात्र रोज संध्याकाळी वाडीला पाणी घालायला जाऊ लागला.