टेकाडावरची गर्जना

मुलीच्या हिस्टरीच्या पेपरात एक प्रश्न येणार हे नक्की होतं: बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या गावातला किल्ला, फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी नेमका तिथंच का बांधला? ग्रेड चांगली आली तरच सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, हिस्टरी, नाहीतर मुकाट्याने कॉम्प्युटर सायन्स, असं नवऱ्याने जाहीर केलं होतं. मुलीचा जीव हिस्टरीत अडकलेला. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण मी तिच्याच बाजूची होते.

किल्ल्यांचं मला कुणी शिकवू नका, नवरा म्हणाला. पुण्यात असताना त्याने सह्याद्री पालथा घातला होता. शनिवारी तो आणि त्याचे दोन ट्रेकवाले मित्र बूट, दोर, टॉर्च आणि दशम्या घेऊन निघाले. मागून आम्ही दोघी. किल्ला सुपरमार्केटच्या कार पार्कला लागून होता. म्हणजे माणसांनी रचलेलं मातीचं टेकाड, वर गवत आणि चढायला रेलिंगच्या पायऱ्या. दोर गाडीत परत ठेवणं तिघांच्या जिवावर आलं, म्हणून तो खांद्यावर टाकूनच ते चढले.

वर पोचल्यावर रिवाजाप्रमाणे गर्जना झाली. खाली ट्रॉली ढकलणारी एक बाई जागीच थबकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शोध सुरू झाला. पाण्याचं टाकं कुठाय, चोरदरवाजा कुठाय, माची कुठाय? काहीच सापडेना. शेवटी, नॉर्मन अडाणी होते, किल्ला पलीकडच्या डोंगरावर हवा होता, असा निकाल लागला. पोरीने हे पेपरात लिहिलं असतं तर संपलंच होतं. मी चिडून म्हटलं, जरा तिलाही बघू द्या.

ती रेलिंगला टेकून कधीची खाली बघत होती.

"बाबा, इथून एनिमी येताना दिसतच नाही," ती म्हणाली. "फक्त लोकांची घरं दिसतात. सगळी. नॉर्मन लोकांचे एनिमी तर इथेच राहायचे ना. म्हणून कॅसल इथे."

किल्ला म्हटला की तो आपल्या माणसांचाच, हे तिघं धरून चालले होते. एका मित्राने हळूच दोर खांद्यावरून उतरवला. नवरा रेलिंगपाशी येऊन खालची छपरं बघू लागला.

"ग्रेड येवो न येवो, तू हिस्टरीच घे," तो म्हणाला. "आपण कुणाच्या किल्ल्यावर ओरडतोय, हे घरात एकाला तरी कळायला हवं."