करंजाचे तीन खुंट

"काका, इथे सही करा."

"आज सही नाय करणार. शनवार हाय."

मी पेन पुढे धरून उभी. मी भूकरमापक आहे. कुणाची जमीन कुठे संपते ते यंत्र लावून सांगणं, हे माझं काम. मोजणी संपली की अर्जदार जागेवरच जबाबावर सही करतो. धसईबाहेरच्या त्या चार गुंठे खासगी कबरस्तानाची मोजणी संपली होती. पेंडिंग केसेससाठी खास मोहीम, म्हणून शनिवार.

अर्जदार दानियलकाका, वय ऐंशीच्या पुढे, पिठाची गिरणी चालवायचे. बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. ते शनिवारी काम करत नाहीत, लिहीत नाहीत. पूर्वी या समाजाचे तेलाचे घाणे होते, शनिवारी बंद. त्यामुळे गावं त्यांना शनवार तेलीच म्हणायची. हे मला शाळेपासून माहीत. तारीख टाकताना मात्र सुचलं नाही.

"नोटीस आली तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तारीख पुढे गेली असती. त्याचे कुंपणाचे पोल येऊन पडलेत."

'तो' म्हणजे शेजारची जमीन घेतलेल्या बंगलेवाल्यांचा एजंट. त्याच्या हिशेबाने हद्द काकांच्या बायकोच्या, रिबेकाबाईंच्या कबरीवरून जात होती. शेजारी काकांनी स्वतःसाठी राखलेली जागा तर पूर्ण कुंपणापलीकडे.

पूर्वेचे हद्दीचे दगड सकाळीच गायब आढळले होते. फाइलमध्ये काकांच्या वडिलांचं खरेदीखत होतं. त्यात लिहिलेलं : पूर्वेस हद्दीवर करंजाची झाडे तीन. समोर एकही झाड नव्हतं.

"खरेदीखतात झाडं कोण लिहितं?" एजंट हसला.

"आमच्या मूळपुरुषाने, अब्राहामाने लिवली," काका फाटकाबाहेरून म्हणाले. शनिवारी ते कबरींपाशी जात नाहीत. दिवसभर रस्त्यावरच्या जांभळाखाली उभे होते. "देवाने त्याला अख्खा देश कबूल केलेला. पण त्याची बायको सारा गेली तवा पुरायला हातभर जागा त्याच्या नावावर नव्हती. मग चारचौघांसमोर विकत घेतली. शेत, गुहा, हद्दीवरची झाडं, सगळा शास्त्रात लिवलाय. माझा बापूस म्हणायचा, देवाचा शब्द असला तरी कागद पक्का पायजे."

मला हा माणूस पटला. आमच्या मदतनिसाने कोयत्याने घाणेरीचं रान तोडलं. तीन जुने खुंट निघाले, एका रेषेत. यंत्राशी आणि जुन्या नकाशाशी ती रेषा जुळली. कबर आत. शेजारची जागाही आत.

आता फक्त सही.

"मॅडम, 'सही नाकारली' लिहा," एजंट म्हणाला. तसं लिहिलं की अर्जदारालाच मोजणी मान्य नाही असं म्हणायची त्याला सोय. मग वाद, आणि वाद मिटेपर्यंत कुंपण त्याला हवं तिथे.

साहेबांना फोन केला. "नकार लिहा आणि निघा. किती केसेस आहेत अजून!"

"सर, नाकारलं नाहीये. आज नाही म्हणालेत."

"मग काय उद्यापर्यंत बसणार?"

मी काकांना विचारलं, "तुमचा शनिवार संपतो कधी?"

"तीन तारे दिसले का."

थांबले. काकांच्या पुतणसुनेने चहा पाठवला. एजंट घड्याळ बघत राहिला. काकांच्या दोन्ही मुली इस्रायलमध्ये. मी विचारलं, "देवाने कबूल केलेल्या देशात तुम्ही का नाही गेलात?"

"गेलो ना. दोन महिने राहिलो. ही इथं एकटीच की गो."

अंधारू लागलं. एक तारा. दुसरा.

"तो बघा तिसरा," मी म्हटलं.

"ता इमान हाय, बाई, सरकतंय बघा. एवढी घाई नको."

तिसरा खरा उगवला तेव्हा ते फाटकातून आत आले, बायकोच्या कबरीशी वाकले आणि तिथेच, माझ्या मोबाइलच्या उजेडात, सावकाश सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

कुंपण खुंटांच्या पलीकडे झालं. गेल्या वर्षी काका गेले. दफनाला मी होते. धाकट्या मुलीने इस्रायलची मूठभर माती मागेच आणून दिली होती. ती त्यांच्या डोक्याखाली ठेवली. जागा नेमकी पुरली.

तेव्हापासून तारीख टाकताना मी वार बघते. आणि जमीन घेणारं कुणी भेटलं की सांगते, कागदावर झाडं लिहा. तुटली तरी खुंट राहतात.