माणगावच्या पुढे

बाबांनी अमेरिकन कंपनीची गाडी घेतली, तेव्हा मरोळच्या आमच्या सोसायटीत बाकी सगळ्या जपानी नाहीतर कोरियन गाड्या होत्या. शेजारचे काका म्हणाले होते, "जपानी घे रे, डोक्याला ताप नाही." बाबांनी त्यांच्यासमोर आपल्या गाडीचं दार लावून दाखवलं. "पत्रा बघ. तुझी म्हणजे बिस्किटाचा डबा."

पुढे त्या कंपनीनं इथला धंदा गुंडाळला. "कंपनी गेली, गाडी थोडीच गेली?" बाबा म्हणायचे. मग गिअर अडकायला लागला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पार्ट मागवलाय, येईल. तो काही आला नाही. बाबा जपून चालवत राहिले.

अशातच कणकवलीहून फोन आला. मामा आता फार दिवसांचा सोबती नव्हता आणि सारखं आईचं नाव घेत होता. काका स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन आले. बाबांनी ती घेतली नाही. "आपली गाडी दगा देणार नाही," ते म्हणाले.

माणगावच्या पुढे गिअर पडेचना. जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक आला, खाली वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "ह्याचा पार्ट मुंबईत तरी मिळेल की नाही, शंकाच आहे." आई रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. तिनं मामासाठी पेज भरून घेतलेला थर्मास मांडीवर धरला होता.

आई आणि मी मिळेल त्या एसटीनं निघालो. बाबा गाडीपाशी थांबले. पोचलो तर अंगणात माणसं पांगत होती. मामाला नेऊन झालं होतं.

परत आल्यावर आईनं थर्मास धुऊन फळीवर ठेवून दिला. बाबांशी भांडली असती तर बरं झालं असतं. बाबा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे खेटे घालत राहिले. शेवटी तसल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा गिअरबॉक्स मिळाला. माणगावहून ओढून आणलेली गाडी जोगेश्वरीच्या गॅरेजमध्ये पडून होती; तिथं तो बसवून ते गाडी चालवत घरी आले आणि आईला म्हणाले, "चल, आरेपर्यंत फिरून येऊ."

"माका आता खंयच जावचा नाय," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली.

बॅटरी उतरू नये म्हणून बाबा रविवारी खाली जातात, इंजिन चालू करतात आणि आत बसून राहतात. विकून टाकू या का, असं मी एकदा विचारलं.

"घेणार कोण?" ते म्हणाले.