बांधातलं एक घर

दिवसभर ऑफिसात कोडिंग करून ज्यांची हौस भागत नाही, ते घरी येऊन फुकटचं कोडिंग करतात. मी त्यातली. बेळगावातल्या माझ्या खोलीत बसून मी एका जुन्या कॉम्प्युटर गेमच्या मॅप एडिटरवर काम करते. पडद्यावर चौकोनी घरं असतात, पटावर असतात तशी. एकेका घरात गवत, पाणी, झाड, कुंपण ठेवत गेलं की गाव तयार. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं आणि शिव्या मला द्याव्यात.

निपाणीजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेले होते, तेव्हा चाचणीसाठी एक नकाशा हवा होता. गुहा आणि राजवाडे काढून कंटाळले होते, म्हणून आमचंच शेत काढलं. ज्या शेतावरचा हक्क मी एक दिवस हसतमुखानं सही करून सोडणार असं सगळ्यांनी धरून ठेवलंय, त्याचा नकाशा काढायला मात्र मी चालते. मध्ये कुंपणाच्या घरांचा बांध घातला. अलीकडं आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि पलीकडं काका. बांध कुणाचा यावरून दोघांचं बोलणं बंद होतं आणि आप्पांनी त्यावर काटेरी तार ओढली होती. आई आणि काकू, म्हणजे आईची आक्का, सख्ख्या बहिणी, एकाच मांडवात दोन भावांना दिलेल्या. तार आली आणि त्यांचं येणंजाणं थांबलं. त्याची तक्रार कुणी केली नाही, कारण जमिनीच्या उताऱ्यावर बहिणींची नोंद नसते.

आप्पांनी नकाशा बघून चष्मा पुसला. "बांध दोन घरं तिकडं सरकव. मोजणीत तसंच हाय."

गेमला सरकारी मोजणी लागू झाली. मी बांध सरकवला आणि कौतुकानं फाइल चुलतभावाला पाठवली. ती काकांनी बघितली. परत आली तेव्हा बांध आमच्या बाजूला घुसला होता आणि जाता जाता आमची विहीरही पलीकडं गेली होती. मग सुट्टीभर बांध इकडून तिकडं फिरत राहिला. दोन राज्यं आमच्या भागासाठी इतकी वर्षं भांडतायत, त्यांना आमचा एडिटर कुणी सुचवला नाही याचं मला वाईट वाटलं.

एका दुपारी आई पडद्यापाशी बसली. तिनं गेममधलं बाहुलं चालवून बघितलं. ते बांधाला धडकून थांबलं.

"ही बाई पलीकडं का जात न्हाय गं?"

"बांधावरनं जाता येत नाही, आई. कुंपणाचं घर बंदच असतं."

"कुणी ठरवलंय?"

"सॉफ्टवेअरनं."

"मग त्यातलं एक घर मोकळं कर. मला आक्काकडं जायाचंय."

मला एकदम रडू आलं. एवढ्या मारामारीत हे कुणीच मागितलं नव्हतं. मी घर मोकळं केलं. आईनं बाहुलं पलीकडं नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं आणि कामाला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा शेतातून तणतणत आले. तार एका जागी कापून नीट बाजूला गुंडाळून ठेवलेली होती, एक बाई जाईल एवढीच वाट.

"कुणी तोडली ही?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी. नकाशात बघा की, तसंच हाय."