पासपोर्टचं प्रस्थान

शुक्रवारी पश्चिमेला जाऊ नये, हे इंद्रायणीबाईंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि विमान नेमकं शुक्रवारचं! जायचं होतं केनियात, समुद्राकाठच्या मोंबासाला. जावई तिथल्या बंदरावर नोकरीला, आणि लेक देवयानीचं पहिलं बाळंतपण आठ दिवसांवर आलेलं. तिकीट बदलायची सोयच नव्हती. मग बाईंनी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मात्र ती वस्तू परत घरात आणायची नाही.

लोक तांदूळ-सुपारी ठेवतात. बाईंनी तीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळलेला. अर्धवट काम त्यांना खपत नसे.

"विमानतळावर सुपारीला कोण विचारतंय? अडवलं तर पासपोर्टलाच अडवतील. मग प्रस्थानही त्याचंच!"

बुधवारी त्यांनी पासपोर्ट आणि पिवळ्या तापाच्या लसीचं पुस्तक रुमालात बांधून समोरच्या कमरबीकडे दिलं. वर वर्गातला दमही दिला, "हे आमच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. काय सांगितलं मी?"

"उंबऱ्याच्या आत न्हाय आनायचं, बाई," कमरबीनं हाताची घडी घालून पाठ म्हणून दाखवलं.

शुक्रवारी मुंबईची गाडी साडेनऊची होती. आठ वाजता बाई रुमाल घ्यायला गेल्या, तर कमरबीच्या दाराला कुलूप! फोन लावला, तर तो आत घरातच वाजू लागला.

बाईंनी कुलूप दोनदा ओढून बघितलं. पायरीवर बसून म्हणाल्या, "पोरगी वाट बघतीय हो माझी."

नवरा गंगाधर शाळेतला निवृत्त कारकून. "उत्तम! प्रवासी हजर, कागदपत्रं गैरहजर. अर्ज कुणाकडे करायचा?"

"तुम्ही गप्प बसा!"

गलका ऐकून शेजारचे चनमल्लप्पा हातोडा घेऊनच आले. "अक्का, टेन्शन बेडा, घेऊच नका. एक दणका घालतो, कुलूप खाली."

"अन् ती आल्यावर काय सांगू? तुझं घर फोडलं म्हणून?"

"मग विमान सोडताव काय?"

बाईंनी डोळे मिटले. "घाला."

हातोडा वर गेला आणि बाईंचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"बाई, कुटं हाईसा तुमी? मी टेसनावर बसलीय की सात वाजल्यापास्नं! फोन घरीच राहिला, या चहावाल्याचा घेतलाय."

"टेशनवर? अगं, रुमाल कुठंय माझा?"

"मांडीवर. परत घरात आनायचा न्हाय म्हनला व्हता न्हवं? मग सरळ गाडीपाशीच घिऊन आले."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही एकदम केलं. चनमल्लप्पांनी हातोडा पाठीमागे लपवला.

फलाटावर कमरबी बाकावर ताठ बसली होती, दोन्ही हातांत रुमाल धरून. बाईंनी गाठ सोडली, पासपोर्ट उघडून बघितला, मिटला, परत उघडला.

"सांगून तरी जायचं, बये! जीव गेला होता माझा."

"तुमी मधी बोलू कुटं देता?" म्हणत कमरबीनं फोटोत डोकावून बघितलं. "लई रागात हाईसा की. मोंबासावाले भितील."

तेवढ्यात देवयानीचा फोन आला. "आई, निघालीस का?"

"बुधवारीच निघालेय गं," बाई म्हणाल्या, आणि कमरबीच्या खांद्याला धरून हसत सुटल्या.