ओल्या कापसाचा गुन्हा

आमच्या माळ्याच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. वडिलांनी वांगी-मिरच्या विकून मला शिकवले आणि गावच्या गुरुजींनी मुंबईच्या वाटेला लावले. त्या दोघांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण बी. ए. झाल्याबरोबर मला एक खोड जडली. कुणी विचारले नसले तरी मी सल्ला देऊ लागलो.

आईला सोबत घेऊन अमरावतीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकला होता, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीवर नजर ठेवून होत्या. पार अकोल्याकडून गाड्या येत. बाजारात पाय ठेवायला जागा नसे.

अशाच एका दुपारी बाजारात आग लागली. कुणाच्या तरी चिलमीची ठिणगी पडली असावी. आग विझवण्यासाठी गावात वेगळी माणसे नव्हती. रेड्यावर कातडी पखाल लादून घरोघर पाणी घालणारे पखालजी आणि बाजारातले हमाल, तेच धावत. मीही धावलो. धावत जाऊन एका उंच ओट्यावर चढलो, नाकाला रुमाल लावला आणि वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे सगळ्यांना ओरडून सांगू लागलो.

हमालांचा मुकादम खालून म्हणाला, "मास्तर, वारा आमाले चटके देऊन सांगून राहिला. तुमी खाली या आन घागर धरा."

मी घागर धरली. एकूण दोन फोडल्या.

शाळेत पाणी घालणारा पखालजी, ज्याला सगळा गाव चाचा म्हणे, तो अंगावर पाणी ओतून घेऊन दोनदा आत शिरला. पहिल्यांदा एका गाडीवानाला खांद्यावर टाकून बाहेर आला. दुसरा गाडीवान गाडीखाली सावलीला झोपला होता. तो चाचाला सापडला नाही. आग विझल्यावर सगळ्यांना सापडला.

नंतर चाचा पहिल्यासारखाच कामाला लागला. फक्त पाणी जास्त घालू लागला. आधी शाळेचे अंगण, मग भिंती, मग माझी छत्री. मी त्याला वर्गात बसवून घेतले आणि मनाच्या शक्तींवर अर्धा तास बोललो. कापसाच्या गठाणीच्या पोटात आग धुमसत राहते तसे दुःख माणसाच्या आत राहते, असा दाखलाही दिला. तो मला इतका आवडला की दोनदा दिला.

चाचा हात बांधून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तरसाब, आप थक गए होंगे. पानी देऊ का?"

दोन-तीन दिवसांनी त्याला पकडले. बाजारात उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांवर तो खांद्यावरच्या लहान कातडी मशकीने पाणी शिंपडत होता.

त्या काळात याचा अर्थ एकच होता. कापूस ओला केला की वजनात भरतो, म्हणून लबाड व्यापारी तो भिजवत, आणि सरकारने त्यासाठी कडक शिक्षा ठेवली होती. कापसाची तपासणी करणाऱ्या साहेबाने विचारले, कुणासाठी करतोस? चाचा म्हणाला, कुणासाठी नाही. हे उत्तर कुणाला पटणार? साहेबाने पखाल जप्त केली आणि सांगितले, दोन दिवसांत व्यापाऱ्याचे नाव सांग, नाहीतर तुरुंग.

मुकादम माझ्याकडे आला. "तुमी शिकेल माणूस. साहेबाच्या भाषेत लिहा, का हा चोर नाही."

आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझा सल्ला मागितला होता. मी चार पानी इंग्रजी अर्ज लिहिला. त्यात मुंबईला वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला कामाला लावले. चाचाची बुद्धी भयाने ग्रासली आहे, तो आपल्या कृत्यांचा स्वामी उरलेला नाही, वगैरे. लिहून झाल्यावर माझे मलाच भरून आले.

चाचा, मुकादम, त्याचे काही हमाल आणि मी कचेरीत जाऊन उभे राहिलो. साहेबाने अर्ज दोनदा वाचला आणि कौतुकाने मान हलवली. मी कोट सारखा केला.

"मास्टर, बहुत अच्छा लिखा," साहेब म्हणाला. "यह आदमी चोर नहीं, पागल है. जेल नहीं भेजेगा. पागलखाना भेजेगा."

चाचाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो, वेड्यांच्या इस्पितळातून आमच्याकडचा कुणी परत आल्याचे ऐकिवात नव्हते. मी घाईने म्हणालो, तसे नाही, अर्जाचा अर्थ निराळा आहे. साहेब म्हणाला, मग कोणत्या पानावर खोटे लिहिले ते दाखव.

मुकादम पुढे झाला. "साहेब, हा येडा असन तर मीबी येडा. आग लागली तवापासून मी गाडीखाली वाकून पाह्यल्याशिवाय पुढं जात नाही. दिवसातून शंभरदा वाकतो. कंबर गेली माही." त्याने मागे उभ्या हमालाकडे बोट दाखवले. "यानं चिलीम सोडली. त्याच्या बायकोले वाटते, साधू होऊन राहिला. आन तो कोपऱ्यातला तर झोपीत हाका मारते."

साहेबाने एकेकाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे वळला. "और तुम, मास्टर?"

मी म्हणणार होतो, मला काही नाही. तेवढ्यात मुकादम म्हणाला, "मास्तराची माय सांगत होती, पोरगं चूल पेटवू देत नाही. घरात आठ दिस झाले शिळं खाऊन राह्यले."

मी ते आरोग्याच्या दृष्टीने चालवले आहे असे समजत होतो. आईला तसे शास्त्रोक्त समजावूनही सांगितले होते. साहेबाच्या कचेरीत, सगळ्यांसमोर, मला पहिल्यांदा कळले की मी चुलीच्या जाळाला भितो.

साहेबाने माझा अर्ज घडी करून परत दिला. पखाल सोडली, पण अट घातली. चाचाने कापसाच्या आसपास पाणी नेलेले पुन्हा दिसले तर कुणाचे काही ऐकणार नाही.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाला, "पानी नाही, तर मग करू काय? पाय ओढतात तिकडे."

"पाय ओढतात तर जाऊ," मुकादम म्हणाला. "मशक ठेव घरी. मी वाकतो, तू हात लाव. मास्तर, तुमी काय करता?"

मी काहीच सुचवले नाही. माझ्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती.

त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आधी, आम्ही तिघे बाजारात गेलो. प्रत्येक गाडीशी चाचा कापसात कोपरापर्यंत हात घाली. मुकादम विचारी, "थंड?" चाचा म्हणे, "थंड." मग मुकादम खाली वाके. असे करत आम्ही जळक्या जागेपाशी आलो. तिथे आता कौंडण्यपूरकडची एक नवी गाडी बैल सोडून उभी होती. चाचा थांबला. मुकादम वाकू लागला तर चाचाने त्याला धरले, स्वतः गुडघ्यावर बसला आणि गाडीखालच्या अंधारात कसाबसा बोलला, "कोई है?"

काही नाही. त्याने पुन्हा हाक मारली. आवाज फाटला होता.

"हाय ना बे!" आतून कुणीतरी खेकसले. "कावून बोंबलून राहिला? झोपू दे ना माणसाले!"

चाचाने त्याचा पाय धरून त्याला बाहेर ओढले. गाडीवान आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. चाचा त्याच्या अंगावरची धूळ झटकत होता, आणि रडत होता की हसत होता ते मला सांगता येत नाही. गाडीवान शेवटी घाबरला आणि मला विचारू लागला, "भाऊ, या बुढ्याले झालं काय?"

मला सांगता आले असते. चार पाने भरतील एवढे सांगता आले असते. मी चाचाच्या शेजारी मातीत बसलो आणि तो शांत होईस्तोवर थांबलो.